स्पॉक कधी येणार? : ‘स्टार ट्रेक’ पाहण्याच्या क्रमाचा प्रश्न

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागत असे. मालाडच्या आमच्या चाळीत टीव्ही एकाच बिऱ्हाडात होता आणि त्या घरातल्या काकूंचा नियम असा की, पाय धुतल्याशिवाय कोणी आत यायचे नाही. दादा आणि मी ओल्या पायांनी जमिनीवर बसून पाहायचो. इंग्रजी संवाद मला कळत नसत. दादालाही फारसे कळत नसावेत, पण तो मोठा असल्यामुळे अर्थ सांगण्याचे काम त्याच्याकडे होते. त्याने सांगितलेल्या गोष्टी आणि मूळ गोष्टी यांत किती अंतर होते ते मला पंचवीस वर्षांनी कळले. टोकदार कानांचा, कधी न हसणारा स्पॉक मात्र आम्हा दोघांना भाषेवाचून कळला होता.

पुढे मी या मालिकेचा अभ्यासक झालो. हा शब्द मी थोडा संकोचाने वापरतो, कारण माझ्याकडे या विषयातली पदवी नाही. नोकरी सांभाळून भरलेल्या अकरा वह्या मात्र आहेत. दिंडोशीत राहायला आल्यापासून ओळखीचे लोक एकच प्रश्न विचारत आले आहेत : “आता पाहायचं म्हटलं, तर सुरुवात कुठून करायची?” या प्रश्नाला मी बरीच वर्षे चुकीचे उत्तर देत होतो.

आधी पसारा किती आहे ते पाहू. 1966 ते 1969 या काळात अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर मूळ मालिकेचे 79 भाग दाखवले गेले. 1973-74 मध्ये चित्रमालिकेचे 22 भाग आले. मग ‘द नेक्स्ट जनरेशन’चे 178, ‘डीप स्पेस नाइन’चे 176, ‘व्हॉएजर’चे 172 आणि ‘एंटरप्राइज’चे 98. हे झाले 2005 पर्यंतचे 725 भाग. 2017 पासून दुसरी लाट आली : ‘डिस्कव्हरी’, ‘पिकार्ड’, ‘लोअर डेक्स’, ‘प्रॉडिजी’, ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’. 2025 अखेर त्यांचे 215 भाग होतात. एकूण 940, आणि चित्रपटगृहांत आलेले 13 चित्रपट वेगळे. दर रविवारी दोन भाग पाहायचे ठरवले, तर नुसत्या मालिकांनाच नऊ वर्षे लागतील. चुकीच्या दाराने आत गेलेला माणूस एवढा वेळ टिकत नाही, म्हणून क्रमाचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

क्रम लावायच्या दोन सरळ पद्धती आहेत. पहिली कथेतल्या सनावळीप्रमाणे : जे कथेत आधी घडते ते आधी पाहायचे. दुसरी प्रक्षेपणाप्रमाणे : जे आधी तयार होऊन लोकांसमोर आले ते आधी. पहिली पद्धत ऐकायला अगदी शास्त्रशुद्ध वाटते आणि माझ्यासारख्या वह्या भरणाऱ्याला तिचा मोह पडतोच. 2021 मध्ये दादा निवृत्त होऊन टाळेबंदीत घरी अडकला होता. तेव्हा मी त्याला अशीच यादी करून दिली, लाल-निळ्या शाईत, रकाने आखून.

त्या यादीत पहिला क्रमांक होता ‘एंटरप्राइज’चा. ही मालिका 2001 ते 2005 मध्ये आली, पण तिची कथा कॅप्टन कर्क आणि स्पॉक यांच्या शंभरेक वर्षे आधी घडते. दादा रोज एक भाग पाही आणि रात्री फोन करी. दुसऱ्या आठवड्यात त्याने विचारले, “स्पॉक कधी येणार रे?” मी म्हणालो, “क्रमाने येईल.” तो शिस्तीचा माणूस. तीन महिन्यांहून अधिक काळ त्याने 98 भाग पाहिले. शेवटचा भाग पाहून त्याचा फोन आला : “हे दोघं कोण आहेत? यांना मी आधी पाहिलंय का?”

ते दोघे म्हणजे रायकर आणि ट्रॉय, ‘द नेक्स्ट जनरेशन’ची पात्रे. ‘एंटरप्राइज’चा अखेरचा भाग प्रत्यक्षात ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या सातव्या पर्वातल्या ‘द पेगॅसस’ या भागाच्या पोटात घडतो. रायकर एका पेचात सापडलेला असतो आणि निर्णय घ्यायला मदत व्हावी म्हणून दोनशे वर्षांपूर्वीचा इतिहास एका आभासी दालनात पाहत असतो. आधीच्या चार मालिका पाहिलेल्या प्रेक्षकाचा निरोप घ्यायला तो भाग लिहिला होता. (त्या प्रेक्षकालाही तो फारसा आवडला नाही, हे वेगळे.) माझ्या यादीप्रमाणे चाललेल्या माणसाला मात्र आपण चुकून भलत्याच लग्नाला येऊन जेवायला बसलो आहोत असे वाटणार. दादाने त्यानंतर पुढचे काही लावले नाही. मीही आग्रह केला नाही, म्हटले सावकाश पाहील. पुढच्या वर्षी तो गेला. दूरदर्शनवर पाहिलेला स्पॉक त्याला पुन्हा भेटला नाही, कारण माझ्या यादीत तो बराच खाली होता.

त्यानंतर मी वह्या पुन्हा उघडल्या आणि ज्या सनावळीवर माझी यादी उभी होती, ती सनावळी आली कुठून हे शोधायला बसलो.

मूळ मालिकेत सन जवळजवळ नाहीच. निर्माते जीन रॉडनबेरी यांनी मुद्दाम ‘स्टारडेट’ नावाची संदिग्ध कालगणना वापरली, म्हणजे कथा नेमकी कधी घडते हे सांगावे लागू नये. 1967 च्या ‘स्पेस सीड’ भागात विसाव्या शतकाच्या अखेरीस झोपी गेलेला खान दोन शतकांनी जागा झाला असे सांगतात. हा हिशेब पुढे ठरलेल्या सनांशी जुळत नाही. कथा तेविसाव्या शतकातली आहे हे पडद्यावर स्पष्टपणे आले ते 1982 च्या दुसऱ्या चित्रपटात. इसवी सनाचा नेमका आकडा, 2364, उच्चारला गेला तो 1988 मध्ये, ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात. सगळी सनावळी जुळवून मायकेल आणि डेनिस ओकुडा यांनी पुस्तक काढले 1993 मध्ये. म्हणजे ज्या क्रमाला आपण मूळ क्रम समजतो, तो पहिल्या भागानंतर सत्तावीस वर्षांनी बसवलेला आहे.

आता क्लिंगॉन लोकांच्या कपाळाकडे पाहा. या विषयावर माझी एक पूर्ण वही आहे. 1967 मध्ये क्लिंगॉन प्रथम दिसले तेव्हा त्यांची कपाळे तुमच्या-आमच्यासारखी सपाट होती, कारण रंगभूषेला पैसे नव्हते. 1979 च्या पहिल्या चित्रपटाला पैसे मिळाले आणि त्यांच्या कपाळावर उंचवटे आले. सतरा वर्षे या बदलाबद्दल पडद्यावर कोणी अवाक्षर काढले नाही. 1996 मध्ये मालिकेच्या तिसाव्या वर्षानिमित्त ‘डीप स्पेस नाइन’ने एक गंमत केली : आपल्या पात्रांना संगणकाच्या साहाय्याने 1967 च्याच एका भागात नेऊन सोडले. तिथे सपाट कपाळाचे क्लिंगॉन पाहून सगळे वर्फकडे बघतात. वर्फ स्वतः उंचवट्यांचा क्लिंगॉन. तो कसनुसा होऊन सांगतो की, आम्ही हा विषय बाहेरच्यांशी बोलत नाही. पुढे 2005 मध्ये ‘एंटरप्राइज’ने दोन भाग खर्चून या फरकाचे जनुकशास्त्रीय कारण दिले.

प्रक्षेपणाच्या क्रमाने पाहिले तर आधी कोडे पडते, मग त्यावर विनोद होतो, मग उत्तर मिळते. कथेच्या सनावळीने पाहिले तर कोडे पडण्याआधीच दोन भाग त्याचे उत्तर समजावत बसतात, आणि विनोदाची पाळी येईपर्यंत त्यात हसण्यासारखे काही उरत नाही.

कॅप्टन पाइकची गोष्ट याहून मोठी आहे. ‘स्टार ट्रेक’चा पहिला नमुना-भाग ‘द केज’ एनबीसीने नाकारला. त्यात कॅप्टन होता पाइक, नट जेफ्री हंटर. दुसरा नमुना-भाग मंजूर झाला तेव्हा हंटर नव्हता, म्हणून कर्क आला. 1966 च्या शरद ऋतूत भाग वेळेवर तयार होईनात, तेव्हा रॉडनबेरींनी पडून असलेल्या ‘द केज’भोवती नवी चौकट रचून ‘द मिनॅजरी’ हा दोन भागांचा कार्यक्रम उभा केला. चौकटीत पाइक आता किरणोत्साराने भाजलेला, चाकाच्या खुर्चीत बंदिस्त, दिव्याच्या उघडझापेने फक्त हो किंवा नाही सांगू शकणारा. हंटर उपलब्ध नव्हता, त्यामुळे हा पाइक दुसऱ्याच नटाने केला. थोडक्यात, वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी केलेली ही जुळवाजुळव होती. त्रेपन्न वर्षांनी ‘डिस्कव्हरी’च्या दुसऱ्या पर्वात याच पाइकला आपले भविष्य दिसते आणि तो ते समजून-उमजून पत्करतो. 2022 पासूनची ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ त्याचीच मालिका आहे. ज्याने ‘द मिनॅजरी’ पाहिले आहे, त्याला या मालिकेत पाइक सहकाऱ्यांसाठी स्वयंपाक करताना, हसताना दिसला की ती खुर्ची आठवते. सनावळीने पाहणाऱ्याला तोच पाइक आधी भेटतो, आणि त्या खुर्चीतला माणूस वेगळ्याच चेहऱ्याने नंतर.

यात आपल्याला नवे वाटण्यासारखे काही नाही. महाभारताची सुरुवात शंतनूपासून होत नाही. नैमिषारण्यात सौती ऋषींना कथा सांगतो, ती त्याने जनमेजयाच्या सर्पसत्रात ऐकलेली असते, आणि जनमेजय तर अर्जुनाचा पणतू. युद्ध कधीच होऊन गेलेले असते.

मग प्रक्षेपणाचा क्रम डोळे झाकून पाळावा काय? तसेही नाही. 8 सप्टेंबर 1966 ला पहिला म्हणून दाखवलेला ‘द मॅन ट्रॅप’ चित्रीकरणात पहिला नव्हता. मंजूर झालेला दुसरा नमुना-भाग वाहिनीने तिसऱ्या आठवड्यात दाखवला. त्यामुळे दोन आठवडे डॉक्टर मॅककॉय पाहिलेल्या प्रेक्षकाला अचानक दुसराच डॉक्टर आणि वेगळे गणवेश दिसले. आमच्या दिंडोशीत कोणाला याचे आश्चर्य वाटणार नाही. फिल्मसिटी शेजारी, इमारतीत दोन-तीन जण तरी मालिकांच्या कामावर. सेट ज्या दिवशी मोकळा त्या दिवशी त्या सेटवरचे सगळे प्रसंग उरकायचे, मग घटस्फोट सकाळी आणि साखरपुडा दुपारी, हे इथे पोरांनाही माहीत असते.

शिवाय क्रमाची गरज सगळीकडे सारखी नाही. मूळ मालिका बंद पडल्यावर तिचे भाग अमेरिकेतल्या स्थानिक केंद्रांना विकले गेले आणि खरी लोकप्रियता तिला तिथे मिळाली. त्या जुन्या भागांमध्ये प्रत्येक गोष्ट पन्नास मिनिटांत संपते, मागचे-पुढचे पाहिलेले नसले तरी अडत नाही. ‘द नेक्स्ट जनरेशन’ही बव्हंशी तशीच. ‘डीप स्पेस नाइन’ मात्र हळूहळू सलग कादंबरी होत जाते. तिची शेवटची पर्वे म्हणजे एकच लांबलेले युद्ध आहे, तिथे भाग गाळला की धागा सुटतो.

म्हणून आता मी विचारणाऱ्याला सांगतो ते असे. मूळ मालिकेचे 79 भाग पाहू नका, डझनभर पाहा : ‘बॅलन्स ऑफ टेरर’, ‘स्पेस सीड’, ‘द मिनॅजरी’, ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’, ‘अमॉक टाइम’, ‘मिरर, मिरर’, ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ हे त्यात हवेतच. लगेच 1982, 1984 आणि 1986 चे चित्रपट, ही सलग कथा आहे. 1979 चा पहिला चित्रपट संथ आहे, पण आपल्यासाठी त्यात एक कारण आहे : 1965 ची मिस इंडिया, मुंबईची पर्सिस खंबाटा, डोक्याचे पूर्ण मुंडन करून त्यात इलियाच्या भूमिकेत आहे. तिच्यासाठी मी तो तीनदा पाहिला.

‘द नेक्स्ट जनरेशन’चा पहिला भाग पाहा, कारण सात वर्षांनी शेवटचा भाग तिथेच परत येतो. दुसऱ्या पर्वातला ‘द मेजर ऑफ अ मॅन’ पाहा. यंत्रमानव डेटा ही कोणाची मालमत्ता आहे काय यावर त्यात खटला चालतो. मग थेट तिसऱ्या पर्वापासून सलग. त्या पर्वाच्या शेवटी पिकार्डला बोर्ग पकडतात, आणि ‘डीप स्पेस नाइन’ची सुरुवात त्याच लढाईत बायको गमावलेल्या सिस्कोपासून होते. पिकार्डवर प्रेम बसल्यावरच सिस्कोचा त्याच्यावरचा राग बोचतो. त्यानंतर ‘डीप स्पेस नाइन’ पूर्ण, मग ‘व्हॉएजर’ हवी तेवढी. ‘एंटरप्राइज’ त्यांच्यामागून. 2017 नंतरच्या मालिका शेवटी. ‘डिस्कव्हरी’ तिसऱ्या पर्वात एकदम बत्तिसाव्या शतकात उडी मारते, तेव्हा कथेच्या सनावळीचा हट्ट धरणाऱ्याला ती मालिका मधोमध कापावी लागते. ‘लोअर डेक्स’ सगळ्यात शेवटी ठेवा, तिच्यातले निम्मे विनोद आधीच्या मालिकांवरचे आहेत.

मागच्या पावसाळ्यात दादाची मुलगी घरी आली होती. बाबांच्या कपाटात तिला ती लाल-निळी यादी सापडली होती. पहिल्या मालिकेसमोर त्याने 98 बारीक खुणा केल्या होत्या, पाच-पाचच्या जुड्यांनी. ती म्हणाली, “काका, मी इथूनच पुढे सुरू करू का?” मी यादी तिच्याकडून घेतली, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ‘बॅलन्स ऑफ टेरर’ एवढेच लिहिले आणि परत दिली. त्या भागात स्पॉक पहिल्या काही मिनिटांतच येतो. आता ती दर रविवारी सकाळी येते. सध्या आम्ही ‘द मिनॅजरी’च्या दुसऱ्या भागावर आहोत.