एक श्रद्धा, दोन वाटा (भाग ५) : वाद आजीबाईंशी

अंतिम अधिकार कोणाचा, बायबलचा की चर्चच्या परंपरेचा? कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातले पोप, पवित्र मरिया, संतांची मध्यस्थी हे सगळे वाद या एकाच प्रश्नातून फुटतात, हे मागच्या भागात पाहिलं. आता पाहायचं, हा वाद घालावा कसा.

आपल्या भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. शिरूर हे अमेरिकन मराठी मिशनचं जुनं ठाणं, म्हणून तिथली परंपरा प्रोटेस्टंट. दौंड पडलं रेल्वे जंक्शन. नोकरीच्या निमित्ताने तिथे दोन्हीकडची कुटुंबं आली. सोयरीक जुळवताना किंवा मयतीच्या घरी कधीतरी ठिणगी पडते. ‘तुम्ही मरियेची पूजा करता’, असं एक म्हणतो. ‘तुमची मंडळी तर परवाची’, असं दुसरा सुनावतो. मग विषय राहतो बाजूला आणि माणसं दुखावतात.

वाद कसा करावा आणि तो कुठे घसरतो, हे दोन्ही शिकायला दौंड तालुक्यातल्याच केडगावचं नाव घ्यावं लागतं. मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर अँग्लिकन होत्या, पण संस्कार, धर्मगुरूंची परंपरा आणि चर्चची आज्ञा मानण्यात कॅथलिक वळणाच्या. सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. 1885 मध्ये दोघींच्या पत्रांतून त्रैक्यापासून बिशपांच्या अधिकारापर्यंत सगळ्यावर खडाजंगी झाली. भटभिक्षुकांचं जोखड नुकतंच मोठ्या कष्टाने झुगारलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असं रमाबाईंनी साफ कळवलं. क्रुसावर लॅटिनच का, संस्कृत का नको, हेही विचारलं. पण धर्ममातेला त्या हाक मारत ‘आजीबाई’!

जेराल्डीन मात्र पुष्कळदा मुद्दा सोडून स्वभावावर घसरल्या. रमाबाईंच्या शंकांमध्ये त्यांना अहंकार दिसला. अंडं घातलेलं पुडिंग नाकारलं, तर त्यातही जातीचा अभिमान. वादाचं बिनसलं ते इथे. चेल्टनहॅमच्या शाळेच्या प्रमुख डोरोथिया बील याही निष्ठावंत अँग्लिकनच, पण त्यांनी रमाबाईंच्या प्रश्नांना प्रश्न म्हणूनच उत्तरं दिली.

तरी नातं तुटलं नाही. अमेरिकेत असताना रमाबाईंनी लेक मनोरमेला वाँटेजलाच पाठवलं. जेराल्डीननीही ही पत्रं, स्वतःच्या बोचऱ्या शब्दांसकट, जपून संकलित केली. 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. जिज्ञासूंनी मुळातून वाचावीत.

पुढे चर्चनेही हा धडा घेतला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1964 च्या ऐक्यविषयक आदेशाने कॅथलिकांना बजावलं, की इतर ख्रिस्ती बांधवांविषयी असत्य किंवा अन्याय्य वाटेल असं बोलणं टाळा. 1999 मध्ये ऑग्सबर्गला कॅथलिक आणि लूथरन प्रतिनिधींनी, माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो या लूथरच्या काळापासूनच्या वादावर संयुक्त घोषणापत्र केलं. मतभेद सगळे मिटले नाहीत. परस्परांवरचे जुने निषेध मात्र आजच्या शिकवणुकीला लागू नाहीत, असं ठरलं.

प्रीती म्हणजे गुळमुळीत बोलणं नव्हे. रमाबाई कुठेच गुळमुळीत बोलल्या नाहीत. पण समोरच्याची श्रद्धा आधी त्याला पटेल अशा शब्दांत मांडता आली पाहिजे. कॅथलिक आराधना फक्त देवाची करतात आणि मरियेला मान देतात, हे प्रोटेस्टंटाने आधी मान्य करावं, मग तो मान अती होतो का, हे खुशाल विचारावं. प्रोटेस्टंटांचाही प्राचीन विश्वासांगीकारावर विश्वास आहे, हे कॅथलिकाने आधी बोलून दाखवावं, मग चर्चच्या अधिकाराचा मुद्दा काढावा. येत्या रविवारी चर्चबाहेर गप्पा रंगल्या, तर एवढं करून पाहा.

(पुढील भागात : मिस्सा आणि प्रभुभोजन)