गुलमंडीत पद्मिनी का उकळते? बेल्टचा पंखा आणि इलेक्ट्रिक पंखा

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचा हा मजकूर.

मे महिना, लग्नसराई, पारा चाळिशीच्या पुढे. आजोबांची प्रीमियर पद्मिनी घेऊन तुम्ही पैठण गेटकडून गुलमंडीत शिरलात. पुढे रिक्षा, बाजूला हातगाडी, मागे हॉर्न. पहिला गिअर, हाफ क्लच, परत ब्रेक. सुपारी हनुमानापर्यंत पोचेस्तोवर काटा लाल पट्टीला टेकलेला! आणि गंमत बघा, हीच गाडी वाळूजच्या रस्त्याला साठच्या स्पीडनं पळवा, काटा शांत बसतो.

असं का? कारण पंखा. जुन्या गाड्यांत रेडिएटरमागचा पंखा इंजिनच्याच बेल्टवर फिरतो. इंजिन हळू तर पंखा हळू, इंजिन जोरात तर पंखा जोरात. ट्रॅफिकमध्ये इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेत असतं, म्हणजे पंखा नुसता डुलतो. समोरून वारा नाही आणि पंख्यातही दम नाही. हायवेवर उलटं. तिथं समोरचा वाराच रेडिएटरला पुरतो, तरी पंखा उगाच गरगरतो आणि इंजिनची ताकद खातो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद दुप्पट नाही, आठपट होते. चौपट वेगाला चौसष्टपट! म्हणजे गरज नसते तेव्हा जास्त आणि गरज असते तेव्हा कमी. आपल्याकडच्या नळाच्या पाण्यासारखंच म्हणा ना.

१९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिचं इंजिन आडवं बसवलेलं. पुली बाजूला गेली, मग रेडिएटरसमोर बेल्टचा पंखा बसणार कसा? म्हणून तिथं विजेचा पंखा आला. तो इंजिनच्या वेगाला विचारत नाही, पाण्याच्या तापमानाला विचारतो. गाडी उभी असली तरी पूर्ण जोरात फिरतो. जुन्या पद्मिनीला तोच बसवायची आयडिया इथूनच येते, आणि ती चांगली आहे. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. हौसेनं जपलेल्या ज्या थोड्या उरल्यात, त्यांचं इंजिन वाचवणं महत्त्वाचं. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं. एकदा नीट उकळली की हेड वाकतं, गॅस्केट उडतं, पाणी ऑइलमध्ये जातं. मग जो खर्च निघतो त्यात असे कितीतरी पंखे आले असते.

पण थांबा, लगेच दुकानात धावू नका. रेडिएटर आतून गाळानं चोंदला असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा वॉटर पंप थकला असेल, तर कुठलाही पंखा लावा, काही उपयोग नाही. आधी ते बघा. बहुतेक गाड्यांचं दुखणं तिथंच निघतं, असं माझं मत.

दुसरी गोष्ट वीज. पंख्याला १५ अँपिअर लागले तर १२ व्होल्टला १८० वॅट झाले. म्हणजे हेडलाइटचे ६० वॅटचे तीन बल्ब! जुन्या गाडीत अल्टरनेटरऐवजी डायनमो असेल, तर संथ इंजिनवर तो जेमतेम वीज देतो. ट्रॅफिकमध्ये पंखा चालणार आणि बॅटरी बसणार. आधी अल्टरनेटर, मग पंखा.

वायरिंगमध्ये कंजूषी नको. पंख्याचा करंट डॅशबोर्डच्या बटणातून नेऊ नका, वितळेल. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले, रिलेपासून पंखा. तापमानाच्या स्विचनं फक्त रिलेला इशारा द्यायचा. थर्मोस्टॅट ८२ अंशाला उघडत असेल, तर इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर बसवलेला स्विच ९२ च्या आसपास लागावा आणि ८७ ला बंद व्हावा. ८० ला लावलात तर पंखा दिवसभर थांबणारच नाही. रेडिएटरच्या खालच्या टाकीत बसवत असाल तर तिथलं पाणी थंड झालेलं असतं, म्हणून आकडा खाली घ्यावा लागतो.

पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर त्यानं हवा इंजिनकडे ओढायला हवी. वायरी उलट्या लागल्या तर तो समोरच्या वाऱ्याशीच भांडत बसतो. कागद ग्रिलसमोर धरा, आत ओढला गेला तर बरोबर. पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेर काढून टाकू नका, नाहीतर हवा कडेकडेनं पळते. आणि जुना पंखा बहुतेक वेळा वॉटर पंपाच्याच पुलीवर असतो, त्यामुळे पंखा निघाला तरी बेल्ट राहिलाच पाहिजे!

आता एक उलटा मुद्दा. चाळीसगावहून कन्नडचा घाट भरल्या गाडीनं चढताना गिअर खालचा आणि इंजिन जोरात असतं, तिथं बेल्टचा पंखा झकास काम करतो. स्वस्तातला छोटा इलेक्ट्रिक पंखा तिथं कमी पडू शकतो. जुनी जीप घेऊन नेहमी घाट चढणाऱ्यांना मी तरी बेल्टचाच पंखा ठेवायला सांगेन.

शेवटी हाताची काळजी. बेल्टचा पंखा इंजिनबरोबर थांबतो. इलेक्ट्रिक पंखा थेट बॅटरीवर जोडला असेल तर चावी काढल्यावरही अचानक सुरू होतो. बोनेटमध्ये हात घालायचा असेल तर आधी त्याचा फ्यूज काढून खिशात टाका.