टाचेमागची 'नस' तुटली तर ऑपरेशन करायलाच हवं का?

15 नोव्हेंबर 2023 ला वानखेडेवर मोहम्मद शमीने न्यूझीलंडच्या 7 विकेट्स काढल्या. पुढच्या फेब्रुवारीत त्याच्या अकिलीस टेंडनचं ऑपरेशन झालं आणि तो पुन्हा मॅच खेळला थेट नोव्हेंबर 2024 मध्ये. मग रविवारी पाम बीच रोडवर धावणाऱ्या किंवा वाशीत बॅडमिंटन खेळणाऱ्या आपल्यासारख्यांचं काय?

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी ही कंडरा. आपण तिला 'नस' म्हणतो, पण तो कोलॅजनच्या तंतूंचा जाड दोर आहे. टाचेच्या 2 ते 6 सेंमी वर तिचा रक्तपुरवठा तोकडा असतो आणि बहुतेक वेळा ती तिथेच तुटते. आठवडाभर खुर्ची आणि रविवारी एकदम उड्या, हे नेहमीचं कारण. दुसरं कारण औषधाचं : सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक्सनी हा धोका वाढतो, विशेषतः साठीनंतर किंवा स्टेरॉइड चालू असेल तर. अमेरिकेच्या एफडीएने 2008 मध्येच तसा ठळक इशारा दिला होता. म्हणून ती मेडिकलमधून परस्पर आणू नका.

तुटताना मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटतं. पण नंतर लंगडत चालता येतं, आणि 'मुरगळलं असेल' म्हणून आपण मलम चोळत बसतो. यात मोलाचे दिवस जातात. डॉक्टर पालथं झोपवून पोटरी दाबतात. पाऊल हललं नाही, तर कंडरा तुटल्याची दाट शक्यता.

आता ऑपरेशनचं. नॉर्वेतल्या 554 रुग्णांवरचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ऑपरेशन केलेले आणि न केलेले, दोघांची वर्षभरानंतरची प्रगती जवळपास सारखीच निघाली. फरक दोनच : ऑपरेशनशिवाय कंडरा पुन्हा तुटण्याचं प्रमाण 6.2 टक्के, ऑपरेशननंतर 0.6 टक्के. उलट नर्व्हला इजा ऑपरेशनवाल्यांत जास्त. म्हणजे निर्णय वय, काम आणि खेळ पाहून डॉक्टरांसोबत घ्यायचा.

खरी मेख पुढे आहे. जुळताना कंडरा जरा लांब झाली, तर एका पायाच्या चवड्यावर उभं राहायची ताकद कमी पडते, कधी कधी कायमची. म्हणून टाच उंच ठेवणारा बूट ठरलेले आठवडे घालायचा, आणि नंतर कित्येक महिने फिजिओने दिलेला पोटरीचा व्यायाम करायचा. ऑपरेशन झालं म्हणून हा भाग सुटत नाही.