भावगीत, आकाशवाणी आणि मदतनिधी

लोकप्रिय गायकाने पुढे रेडिओकडे वळावे आणि त्या नावलौकिकाच्या बळावर सत्कार्यासाठी पैसा उभा करावा, हा क्रम पाश्चात्त्य देशांत चांगलाच रुळलेला आहे. महाराष्ट्रात त्याच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण सुधीर फडके (१९१९–२००२) यांचे म्हणावे लागेल, जरी ते रेडिओवर निवेदक म्हणून नव्हे तर संगीतकार-गायक म्हणून गाजले आणि त्यांनी निधी जमवला तो बहुतांशी राजकीय ध्येयांसाठी.

कोकणाला या व्यवहाराची ओळख नव्याने करून द्यायला नको. देवगड-जामसंडे परिसरातील गावांची मुंबईतली मंडळे शाळेच्या इमारतीसाठी वा देवळाच्या जीर्णोद्धारासाठी डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, किंवा दशावताराचा प्रयोग लावतात, चाकरमान्यांच्या घरोघरी तिकिटे खपवतात आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम गावी धाडतात. अशा वेळी कार्य कितीही चांगले असो, तिकीट खपते ते बुवांच्या नावावर, हे मंडळाचा खजिनदार पुरता जाणून असतो.

फडक्यांचे नाव घडले ते भावगीत व चित्रपटगीत या दोन प्रकारांवर. भावगीत म्हणजे स्वतंत्र कवितेला सोपी, गुणगुणता येईल अशी चाल देऊन गायलेले गीत. तबकडीच्या एका बाजूवर मावणाऱ्या सुमारे तीन मिनिटांत ते संपत असे, आणि मराठी मध्यमवर्गाचे 'पॉप' संगीत त्या काळी हेच होते. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिल रोजी, पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, दर आठवड्याला एक नवे, आणि सर्वांना चाली फडक्यांच्या. गायन मात्र त्यांच्याबरोबरच माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशा अनेकांचे. पहिल्याच गीताचा कागद ऐन वेळी हरवला, कवी म्हणाले दिला आहे, संगीतकार म्हणाले मिळाला नाही, आणि केंद्रावरच्या मंडळींनी माडगूळकरांना खोलीत बसवून ते पुन्हा लिहून घेतले, अशी हकीकत सांगितली जाते. दर आठवड्याच्या त्या धावपळीची कल्पना येण्यास ती पुरेशी आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. त्या काळची आकाशवाणी सरकारी होती, तिच्यावर जाहिराती नव्हत्या (विविध भारतीवर त्या १९६७ मध्ये आल्या), आणि श्रोता टपाल कार्यालयात भरत असे ती केवळ परवाना-फी. म्हणजे रेडिओने फडक्यांना घरोघरी पोचवले, पण निधी असा दिला नाही. पैसा जमणे शक्य झाले ते तोच गळा व्यासपीठावर प्रत्यक्ष ऐकायला लोक तिकीट काढून येऊ लागले तेव्हा, आणि 'गीतरामायणा'चे असे प्रयोग फडके पुढे कित्येक दशके करीत राहिले.

निधीची वाट मात्र त्यांनी त्याआधीच चोखाळली होती. भारतीय भूमीने चहूबाजूंनी वेढलेला दादरा-नगरहवेली हा मुलूख तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. तो सोडवू पाहणाऱ्या तरुणांपाशी शस्त्रांपुरतेही पैसे नव्हते, म्हणून १९५४ मध्ये फडक्यांनी लता मंगेशकरांना गळ घालून त्यांच्या गाण्याचा कार्यक्रम पुण्यात घडवून आणला. त्याच वर्षीच्या २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. गाण्याच्या तिकिटांतून बंदुका हा प्रकार धर्मादाय म्हणावा की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतो. फडक्यांना स्वतःला तशी शंका कधी पडल्याचे दिसत नाही. गोवामुक्तीच्या लढ्यात पकडले गेलेले मोहन रानडे गोवा स्वतंत्र झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. त्यांच्या सुटकेसाठीही फडक्यांनी पाठपुरावा चालवला, आणि १९६९ मध्ये रानडे परतले.

अखेरचा आणि सर्वांत दमछाक करणारा उद्योग म्हणजे सावरकरांवरील चित्रपट. फडक्यांनी हा चित्रपट कोणा धनिकाच्या भांडवलावर नव्हे, तर लोकवर्गणीवर काढायचे ठरवले. त्यामुळे काम वर्षानुवर्षे रेंगाळले, आणि देणगीदारांना उत्तर द्यायची जबाबदारी सत्तरी उलटलेल्या या गायकावर राहिली. वेद राही दिग्दर्शित 'वीर सावरकर' २००१ मध्ये प्रदर्शित झाला. चित्रकृती म्हणून तो कितपत उतरला हा वेगळा प्रश्न. वर्गणीदारांना कबूल केलेला चित्रपट मात्र फडक्यांनी पडद्यावर आणून दाखवला, आणि पुढच्याच वर्षी, २९ जुलै २००२ रोजी, त्यांचे निधन झाले.