अकरावा पत्ता

गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याला लोक जातात ते त्वरिता देवीच्या दर्शनाला. मी गेले पत्त्यांसाठी. तिथले एक निवृत्त गुरुजी मनातला पत्ता ओळखतात आणि मग ओळखला कसा तेही सांगतात, असं कानावर आलं होतं. हे दुसरं मला बघायचं होतं.

संध्याकाळी ओट्यावर पोरं जमली. गुरुजींनी कॅटातून २१ पत्ते मोजून घेतले, पिसले आणि आडवे वाटत सात-सातच्या तीन उभ्या रांगा लावल्या. एका मुलाने पत्ता मनात धरला आणि दोघांच्या कानात सांगितला. "कुठल्या रांगेत हाय?" गुरुजींचा प्रश्न एवढाच. ती रांग गोळा करून बाकीच्या दोन गठ्ठ्यांच्या मधे घातली, पत्ते पुन्हा वाटले. असं तीनदा. मग पालथ्या पत्त्यांतला अकरावा उलटला. किलवरची दश्शी! कानात ऐकलेले दोघं मुलाच्या आधी ओरडले.

खेळ जुना आहे. फ्रान्समध्ये बाशे याने १६१२ सालीच तीन गठ्ठ्यांची ही करामत पुस्तकात घातली. दोनशे वर्षांनी जेर्गोन या गणितज्ञाने तिचा सर्वसाधारण नियम मांडला. आपल्याकडे असा खेळ परका वाटू नये. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली दाखवलेला ६१७४ हा आकडा याच जातीचा. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंकांची उतरती मांडणी वजा चढती मांडणी करत राहा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतोच.

पत्त्यांचंही तसंच. पहिल्या उत्तराने २१ पैकी सात उरतात. मधे गेल्यामुळे ते आठ ते चौदा या जागांवर बसतात. पुन्हा वाटले की तिन्ही रांगांत फाकतात. दुसऱ्या उत्तरानंतर मनातला पत्ता दहावा, अकरावा किंवा बारावाच असतो. तिसऱ्या वाटपात या तीन जागांचे पत्ते तीन रांगांच्या बरोबर मध्यावर पडतात. म्हणजे तिसरं उत्तर तोंडातून निघताच गुरुजींना पत्ता ठाऊक असतो. पुढे डोळ्यांत बघणं, थांबणं, ही नुसती सजावट.

मग त्यांनी कॅट एका मुलीच्या हातात दिला. अडचण इथूनच सुरू झाली. तिने तीनदा मांडलं, अकरावा उलटला, तो चुकीचा. पोरं हसली. तिचे कान लाल झाले.

"पत्ता कितवा निघाला?" गुरुजींनी विचारलं.

"नववा, गुरुजी."

"मंग दुसऱ्या बारीला गठ्ठा मधे न घालता वर ठिवलास."

मी चकित झाले. त्यांचं तर तिच्या हातांकडे लक्षही नव्हतं. त्यांनी वहीत आकडे मांडून दाखवले. पहिल्या वेळची चूक पत्ता फार तर एका घराने हलवते, कधी तर हलवतही नाही. दुसऱ्या वेळची दोन-तीन घरांनी. तिसऱ्या वेळची थेट सात घरांनी: चौथा किंवा अठरावा. चूक वरच्या बाजूला झाली की खालच्या, तेही जागाच सांगते. सुरुवातीची चूक पुढची मांडणी पोटात घेते, शेवटची घेत नाही.

समोरच्याने रांग खोटी सांगितली तर मात्र सगळंच कोसळतं. पण गुरुजींना काळजी आहे ती खेळ दाखवणाऱ्याच्या खोटेपणाची. मनातलं ओळखून गंडा घालणारे गावोगाव फिरतात. त्यांचा डाव फसला की दोष तुमच्या श्रद्धेचा. कुठे चुकलं ते कधीच सांगत नाहीत. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चमत्कार करून दाखवतात आणि लगेच उकलून सांगतात, ते याचसाठी. उकल कळली की मजा जाते, ही तक्रार गुरुजींनीही ऐकली आहे. काही पोरं दुसऱ्या दिवशी येत नाहीत, हेही ते मान्य करतात.

ती मुलगी मात्र उठली नाही. अंधार पडला, ओट्यावरचा दिवा लागला, तरी ती पत्ते वाटत होती. या खेपेला तिने मुद्दामच गठ्ठा खाली ठेवला, पत्ता चौदावा निघाला आणि ती समाधानाने हसली.