सारख्याच कडक, तरी एक आधी झिजते

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत आणि पुढे बदलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात पत्र्याच्या शेडमधून जॉबवर्क चालतं. कुणी गिअर कापतं, कुणी डाय बनवतं. याच अंबरनाथमध्ये संरक्षण खात्याच्या अखत्यारीतली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे. पण गिअर कितीही नेटका कापलेला असो, तो किती वर्षं टिकणार हे ठरतं हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत. गावचा लोहार कोयत्याला पाणी देतो, त्याच कलेचं हे कारखान्यातलं रूप. माझ्या मते या सगळ्या साखळीत सर्वांत जोखमीचं काम भट्टीवाल्याचंच. त्याच्याकडे येतो तो माल जवळजवळ तयार असतो, आणि बिघडला तर आधीच्या सगळ्यांची मेहनत भंगारात जाते.

केस हार्डनिंगचंच, म्हणजे फक्त वरचा थर कडक करण्याचंच बघा. ईएन-३५३ पोलादाच्या गिअरमध्ये कार्बन असतो जेमतेम ०.२ टक्के. असं पोलाद चिवट, पण लवकर झिजणारं. म्हणून गिअर खड्ड्यातल्या भट्टीत उतरवतात, झाकण घट्ट बसवतात आणि सुमारे ९२० अंशांवर मिथेनॉल व दुसऱ्या एखाद्या द्रवाची थेंबथेंब धार सोडतात. त्यातून तयार होणाऱ्या वायूतला कार्बन पृष्ठभागातून आत मुरतो आणि वरच्या थरात ०.८ टक्क्यांच्या आसपास पोचतो. इथे घाई चालत नाही. थर दुप्पट जाड हवा असेल तर वेळ चौपट लागतो. मग क्वेंचिंग, म्हणजे तापलेला गिअर तेलात बुडवणं. तप्त पोलादातला ऑस्टेनाइट झटक्यात थंड होतो, कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही आणि सुईसारखी कणरचना असलेला मार्टेन्साइट तयार होतो. दात वरून कडक, आतून चिवट. लगेच १५० ते २०० अंशांवर टेम्परिंग, म्हणजे पुन्हा हलकं तापवणं, करावं लागतं. उशीर झाला तर आतल्या ताणाने तडा जाण्याची भीती. पावसाळ्यात तेलाच्या टाकीत पाणी शिरू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपावं लागतं, कारण लालभडक जॉब आत गेला की त्या पाण्याची वाफ होऊन तेल उसळतं आणि आग भडकते.

माल परत जाताना सोबत जो कागद जातो, त्यावर बहुधा कडकपणाचा एकच आकडा असतो: रॉकवेल मापावर ६०, म्हणजे ६० एचआरसी. गिऱ्हाईकही तेवढंच पाहतं, आणि इथेच घोटाळा होतो. ईएन-३१ पोलादाची एक पट्टी घ्या आणि डी-२ पोलादाची एक. दोन्ही ६० एचआरसीला आणा. वाळू, सिमेंट किंवा काचतंतू मिसळलेलं प्लास्टिक दोन्हींवर घासत राहिलं, तर ईएन-३१ कितीतरी आधी झिजते. वाळूच्या कणाचा कडकपणा विकर्स मापावर हजाराच्या वर, तर ६० एचआरसीच्या मार्टेन्साइटचा सातशेच्या आसपास. वाळू त्याला ओरखडणारच. डी-२ मध्ये दीड टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असतं. त्यातून बनलेले कार्बाइडचे कण दीड हजाराच्या घरातले. वाळूचा ओरखडा त्यांच्यापाशी येऊन अडतो.

हे आकड्यात दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. नमुना कापायचा, आरशासारखा घासायचा, नायट्रिक आम्ल घातलेल्या स्पिरिटचा हात फिरवायचा. काळसर मार्टेन्साइटमध्ये कार्बाइडचे पांढरे ठिपके उठून येतात. ते बारीक आणि सगळीकडे सारखे पसरलेले असले तर उत्तम. मोठे आणि ओळीने जमलेले असले तर धार तिथूनच तुटते. आपल्या लहान कारखानदारांनी कागदावरच्या आकड्याबरोबर सूक्ष्मदर्शकातला फोटोही मागायला हवा. त्याचा खर्च एका डायच्या किमतीपुढे काहीच नाही.

ठोके बसणाऱ्या ठिकाणी मात्र डी-२ नको, त्याच्या कडा उडतात. तिथलं उत्तर अगदी उलट्या वाटेचं आहे. कर्जतची लोकल कल्याणला रूळ बदलताना चाकं क्रॉसिंगवर खडखडतात. रेल्वे अशा क्रॉसिंगसाठी मँगनीज पोलादाचं ओतकाम वापरते. खडी क्रशरच्या जबड्यांनाही तेच लागतं. १८८२ मध्ये रॉबर्ट हॅडफिल्डने शोधलेल्या या पोलादात १२-१३ टक्के मँगनीज असतं. ते हजार अंशांच्या वर तापवून पाण्यात बुडवलं तर कडक न होता मऊच राहतं, ब्रिनेल मापावर दोनशेच्या आसपास. ठोके बसू लागले की त्याची कातडी पाचशेपर्यंत चढते, आतला गाभा मात्र चिवटच राहतो. त्याच पोलादाचा पत्रा नुसत्या वाळूच्या घसरगुंडीला लावला, तर ठोक्यांअभावी तो मऊच राहतो आणि भराभर झिजतो.