तब्येत विचारायची, तर पुन्हा पुन्हा

नॉर्वेमधल्या पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडे दर चार वर्षांनी एक लांबलचक प्रश्नावली येते. झोप कशी लागते, व्यायाम होतो का, दारू किती घेता, अंग कुठे दुखतं, एकटं वाटतं का, लैंगिक छळ वाट्याला आला का, अभ्यासात मन लागतं का, असं सगळं तीत विचारलेलं असतं. ही पाहणी २०१० साली सुरू झाली आणि २०१४, २०१८, २०२२ मध्ये पुन्हा झाली. २०१८ मध्ये १८ ते ३५ वयाच्या १,६२,५१२ विद्यार्थ्यांना बोलावणं गेलं आणि ५०,०५४ जणांनी उत्तरं दिली. मानसिक त्रासाची तीव्र लक्षणं सांगणारे विद्यार्थी २०१० मध्ये साधारण सहांमागे एक होते, ते २०१८ मध्ये चारांमागे एकाहून जास्त झाले. बातम्यांमध्ये गाजतो तो हा शेवटचा आकडा. पण या पाहणीचं मोल त्या एका आकड्यात फारसं नाही. तेच प्रश्न तशाच विद्यार्थ्यांना ठरावीक काळाने पुन्हा विचारले गेले आणि ते विचारणाऱ्यांच्या हाती त्या विद्यार्थ्यांचे गुण नव्हते, या दोन गोष्टींत ते आहे. आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल चिंता वाढते आहे आणि तिच्यासोबत पाहण्याही वाढणार आहेत. या दोन गोष्टी सांभाळल्या नाहीत, तर त्या पाहण्यांतून हाती काही लागणार नाही.

एका आकड्यावर भिस्त का ठेवू नये, हे आधी पाहू. अशा पाहण्यांत डॉक्टर कोणाला तपासत नाही. विद्यार्थी स्वतःच प्रश्नावली भरतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘पीएचक्यू-९’ या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, कशातच रस वाटेनासा झाला का, झोप बिघडली का, थकवा आला का, असे. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, म्हणजे एकूण २७. दहा किंवा अधिक गुण झाले की नैराश्याची शक्यता धरली जाते. ही चाळणी आहे, निदान नव्हे. २००१ साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हाच्या अभ्यासात ती खऱ्या रुग्णांपैकी ८८ टक्के ओळखत होती आणि रुग्ण नसलेल्यांपैकी ८८ टक्क्यांना बरोबर वगळत होती. ऐकायला हे उत्तम वाटतं. आता एक हजार विद्यार्थी घ्या आणि त्यांतल्या शंभरांना खरोखर नैराश्य आहे असं धरा. चाळणी त्यांतले ८८ पकडेल. उरलेल्या नऊशेंपैकी १२ टक्के, म्हणजे १०८ जण, आजार नसताना तीत अडकतील. बेरीज होते १९६. खरं प्रमाण दहांमागे एक असताना मथळा होईल ‘पाचांमागे एक’. प्रत्यक्षातही असंच दिसलं आहे. या प्रश्नावलीची पूर्ण मुलाखतीशी तुलना करणारे ४४ अभ्यास २०२० साली एकत्र तपासले गेले. चाळणीनुसार नैराश्याचं प्रमाण २४.६ टक्के आलं आणि मुलाखतीनुसार १२.१ टक्के, म्हणजे निम्मंच.

म्हणून चाळणी निरुपयोगी ठरते का? नाही. वरच्याच उदाहरणात चार वर्षांनी खरे रुग्ण शंभरांवरून दीडशे झाले असं समजा. आता चाळणी त्यांतले १३२ पकडेल आणि उरलेल्या ८५० मधले १०२ चुकीने धरेल, बेरीज २३४. म्हणजे १९६ हाही आकडा खरा नाही आणि २३४ हाही नाही, पण १९६ चे २३४ झाले हे मात्र खरं सांगतं आहे. उलट, खरी वाढ त्याहून मोठी आहे. एकदाच केलेली पाहणी आपल्याला फसवू शकते, पण तीच पाहणी पुन्हा केली की बदल दिसू लागतो. यात अट एवढीच, की प्रश्न, त्यांचा क्रम, भाषा आणि विचारण्याचा हंगामही बदलता कामा नये. परीक्षेच्या तोंडावर विचारलेल्या उत्तरांची दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या उत्तरांशी तुलना केली, तर हाती फक्त परीक्षेचा ताण येईल.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. २०२३ साली लूसी फोक्स आणि जॅक अँड्र्यूज या ब्रिटनमधल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांडलं, की मानसिक आरोग्याविषयीच्या जागृतीमुळेच काही तरुण साध्या अस्वस्थतेला आजाराचं नाव देऊ लागले असतील. तसं असेल, तर वाढ त्रासात झालेली नसून सांगण्याच्या पद्धतीत झालेली असेल. ही शंका उडवून लावण्यासारखी नाही आणि नॉर्वेतल्या वाढीचा काही भाग यातून आलेला असणं शक्य आहे. पण चांगल्या पाहणीत ती तपासण्याची सोय असते. रात्री किती वाजता झोपलात, सकाळी किती वाजता उठलात, गेल्या महिन्यात किती तासिका बुडाल्या, किती दिवस दोन वेळचं जेवण झालं नाही, या प्रश्नांच्या उत्तरांवर मानसशास्त्राच्या प्रचलित शब्दांचा फारसा परिणाम होत नाही. शिवाय बोलण्याची रीत बदलली तर ती सगळ्यांचीच बदलेल. त्याच वर्षी, त्याच विद्यापीठात वसतिगृहातली मुलं घरून येणाऱ्यांपेक्षा जास्त त्रासात दिसली, किंवा पहिल्या वर्षाची मुलं शेवटच्या वर्षाच्या मुलांपेक्षा, तर तो फरक जागृतीच्या नावावर टाकता येत नाही. विद्यापीठाला उपयोगी पडतो तो हाच फरक, कारण त्यावरून कुठे हात घालायचा हे ठरतं.

दुसरी अडचण न बोलणाऱ्यांची. नॉर्वेत २०१८ मध्ये सुमारे ३१ टक्के विद्यार्थ्यांनी उत्तर दिलं, २०२२ मध्ये ३५ टक्क्यांनी. २०१८ मध्ये उत्तर देणाऱ्यांत साधारण ६९ टक्के मुली होत्या, म्हणजे मुलगे त्यांच्या संख्येच्या मानाने फार कमी बोलले. त्रासात असलेला विद्यार्थी आवर्जून उत्तर देतो की प्रश्नावली उघडतच नाही, हे बाहेरून सांगता येत नाही. दोन्ही घडत असणार. ज्याने शिक्षण सोडलं त्याचं नाव यादीतच नसतं. महाराष्ट्रात ही उणीव अधिक बोचणारी आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे हजारो तरुण कुठल्याच महाविद्यालयाच्या पटावर नाहीत. विद्यापीठ कितीही नेटाने विचारू दे, हे तरुण त्या हिशेबात येणारच नाहीत, आणि अहवालाने ते पहिल्याच पानावर सांगितलं पाहिजे.

उत्तर मिळण्याचा प्रश्न शेवटी विचारतो कोण, इथे येऊन थांबतो. नॉर्वेत पाहणीचे यजमान विद्यार्थी कल्याण संस्था असतात. त्या वसतिगृहं, उपाहारगृहं आणि समुपदेशन चालवतात आणि त्यांच्या कारभारात विद्यार्थी प्रतिनिधींना मोठा वाटा असतो. उत्तरांचं विश्लेषण तिथली राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्था करते. परीक्षा घेणाऱ्याच्या हाती यातलं काही लागत नाही. आपल्याकडे केंद्र सरकारची उच्च शिक्षणाची वार्षिक पाहणी होते. २०२१-२२ च्या पाहणीत देशात ४.३३ कोटी विद्यार्थी मोजले गेले. ती संस्थांकडून प्रवेश, शिक्षक, सुविधा यांची माहिती घेते, विद्यार्थ्याला काही विचारत नाही. महाविद्यालयांना अधिस्वीकृती देणाऱ्या ‘नॅक’च्या मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असतं, पण त्याचा रोख अध्यापनावर आहे आणि त्याचे गुण महाविद्यालयाच्या मूल्यांकनात धरले जातात. महाविद्यालयाचं हित जिथे गुंतलेलं आहे, तिथे विद्यार्थ्याने मोकळेपणाने लिहावं अशी अपेक्षा करणं चूक आहे. अंतर्गत गुण ज्यांच्या हाती आहेत, त्यांच्याच गूगल फॉर्मवर कोणी आपली भीती लिहिणार नाही. विशेषतः ज्यांची फी शिष्यवृत्तीवर अवलंबून आहे किंवा जातीवरून टोमणे ज्यांच्या वाट्याला येतात, ती मुलं तर नाहीच.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमलं. उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य आणि आत्महत्यांचा प्रतिबंध हा त्याचा विषय. दलाने विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्था यांच्यासाठी ऑनलाइन प्रश्नावल्या काढल्या. अनेक स्मरणपत्रं जाऊनही बहुतांश संस्थांनी आपली प्रश्नावली भरली नाही आणि न्यायालयाला त्याबद्दल नाराजी व्यक्त करावी लागली. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. शाळकरी मुलंही यात आहेत. पण या राज्यातल्या संस्थांनी तरी प्रश्नावली बाजूला ठेवावी, हे मन मानत नाही.

आत्महत्येविषयी प्रश्न विचारल्याने नसते विचार मुलांच्या डोक्यात येतील, अशी भीती पालकांना आणि प्राचार्यांनाही वाटते. ती प्रामाणिक आहे, पण पुरावा तिच्या बाजूने नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ मुलांवर झालेला प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना आत्महत्येच्या विचारांविषयी थेट विचारलं होतं, निम्म्यांना नाही. विचारलेल्या मुलांचा त्रास वाढला नाही, आणि आधीपासून निराश असलेल्यांचा तर नाहीच नाही. धोका विचारण्यात नसतो, विचारून पाठ फिरवण्यात असतो. त्यामुळे प्रश्नावलीच्या त्याच पानावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आणि त्या भागातल्या समुपदेशकाची वेळ असायला हवी.

राहतो खर्चाचा मुद्दा. पाहणीवर पैसे घालण्यापेक्षा समुपदेशक नेमा, असं म्हणणाऱ्यांची तळमळ समजते, समुपदेशक हवेतच. पण समुपदेशकाला दिसतात ते त्याच्या दारापर्यंत आलेले विद्यार्थी. वैद्यकीय विद्यार्थ्यांवरच्या जगभरातल्या अभ्यासांचा मोठा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्याच्या चाळणीत सापडलेल्यांपैकी फक्त १५.७ टक्क्यांनी उपचार घेतले होते. हे डॉक्टर होऊ घातलेल्यांचं, रोज रुग्णालयात वावरणाऱ्यांचं प्रमाण. दारापर्यंत न येणारे कोण आहेत, कोणत्या वर्षाचे, कोणत्या वसतिगृहातले, हे समुपदेशकाची नोंदवही सांगू शकत नाही. ते पाहणीतूनच कळतं.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत विद्यार्थी विकास मंडळं आहेत. बोलावणं त्यांच्याकडून जावं, उत्तरं मात्र महाविद्यालयाबाहेरच्या आरोग्य संस्थेत राहावीत. मराठी प्रश्नावली आधी ग्रामीण आणि शहरी विद्यार्थ्यांवर पारखून घ्यावी. एखाद्या विभागात उत्तर देणारे इतके थोडे असतील की माणूस ओळखू यावा, तर त्यांचे आकडे वेगळे छापू नयेत. निष्कर्ष त्याच शैक्षणिक वर्षात विद्यार्थ्यांना कळवावेत आणि त्यांवरून काय बदललं, ग्रंथालयाची वेळ, मेसचं कंत्राट की परीक्षेचं वेळापत्रक, हेही त्यांना सांगावं. पुढच्या फेरीला किती जण उत्तर देतील, हे यावरच ठरणार आहे.